बार्शीची आजी आणि नुसती आजी

या, अशा जवळ सरका जरा. दारात उभ्या राहून काय कळणार तुम्हाला? आणि आधीच सांगते, मी रागावले आहे. सिंगापूरहून आल्यापासून दुकानात येणारी प्रत्येक जण मला विचारते काय, तर विमानात जेवायला काय दिलं आणि तिकडे सोनं स्वस्त आहे का. मी उत्तराला सुरुवात केली की कुकरची रिंग पर्समध्ये टाकून चालू लागतात. लेक कशी आहे, नात कशी आहे, एवढं ऐकायला थांबावं की नाही? म्हणून मी सगळं लिहूनच काढलंय. आता बसून वाचा.

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. अक्षर तेवढं चांगलं आहे, आणि ते शाळेमुळे नाही. आमचं भांड्यांचं दुकान. लग्न होऊन आले तेव्हा भांड्यांवर नावं घालायला एक माणूस यायचा, तो यायचा बंद झाला, आणि मी त्याचं मशीन उचलून चेपलेल्या झाकणांवर गिरवत गिरवत शिकले. स्टीलवर चुकलं तर खोडता येत नाही, त्यामुळे हात जपून चालतो. कागदावर तशी भीती नाही. म्हणून इथे थोडी सैल सुटले तर चालवून घ्या.

सिंगापूर फार छान आहे. हे मी मोकळ्या मनाने लिहिते, कारण यापुढचं काही मोकळ्या मनाने लिहिता येणार नाही. पाऊल ठेवल्यापासून परत निघेपर्यंत माझ्या पोटात दुखत होतं. जेवण बाधलं म्हणून नव्हे. कशामुळे ते कळेलच.

टॅम्पिनीस

मृणाल माझी धाकटी. बार्शीतून पुण्याला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली, आणि कंपनीने तिला सिंगापूरला पाठवलं. जावई नितीनरावही तसल्याच कॉम्प्युटरच्या कामात. टॅम्पिनीस नावाच्या भागात बाराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे त्यांचा. माझी नात ईरा आता सात वर्षांची. जन्मल्यापासून आमच्या भेटी म्हणजे बहुतेक स्काइपवर, आणि त्यातही निम्मा वेळ चित्र अडकलेलं.

दिवाळी झाली आणि मी निघाले. बॅगेत शेंगाचटणी, काळा मसाला, कडक भाकऱ्या, आणि मधोमध साडीत गुंडाळलेलं नावं घालायचं मशीन. ते मृणालनेच मागवलं होतं. "आई, फराळाचे डबे या घरातून त्या घरात जातात आणि इथे कुणाचं काय कळत नाही. तू येतेस तर मशीन घेऊन ये." मी मनात दुसरंही एक ठरवलं होतं. ईराच्या शाळेला आता मोठी सुट्टी लागणार होती. परत येताना तिला बरोबर आणायचं. हुरडा दाखवायचा, दुकानात गल्ल्यावर बसवायचं, आपल्या आजीचं गाव म्हणजे काय ते कळू द्यायचं. खरं तर मी गेले होते ती त्यासाठीच.

विमानतळावर ईरा पळत आली, पुढ्यात येऊन थबकली, वाकून नमस्कार केला. मी तिला पोटाशी धरणार तोवर तिने आईच्या हातातला फोन ओढून घेतला आणि कुणाला तरी सांगितलं, "आजी, बार्शीची आजी आली!"

मी मृणालला विचारलं, "फोनवर कोण होतं?"

"पासिर रिसच्या साळवी काकू. ईरा शाळेतून त्यांच्याकडेच जाते ना, मी घ्यायला येईपर्यंत. मी सांगितलंय तुला."

सांगितलं होतं. पण कुणी एक बाई सांभाळते असं सांगितलं होतं. ती 'आजी' आहे, आणि मी 'बार्शीची आजी' आहे, हे नव्हतं सांगितलं. आपण एखाद्याच्या नावापुढे गाव कधी लावतो? दोन असतील तर, त्यातली लांबची ओळखता यावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला स्वयंपाकघरात गेले. आमच्या धंद्यातली खोड अशी, की भांडं हातात आलं की आधी नाव वाचायचं. पातेल्यावर होतं: सौ. सुलभा साळवी, रत्नागिरी. बरं. डबा उघडला, साळवी, रत्नागिरी. वाट्या, रत्नागिरी. मांडणीवर निम्मी रत्नागिरी पालथी पडली होती. मी घातलेली नावं शोधायला लागले. मृणाल पुण्याला वसतिगृहात गेली तेव्हा ताट, वाट्या, तांब्या आणि एक गोल डबा दिला होता, प्रत्येकावर 'मृणाल, बार्शी'. तेव्हा ती कुरकुरली होती, "आई, बार्शी कशाला घालतेस, मुली हसतील." मी म्हटलं होतं, "हरवलं तर कुठे परत पाठवायचं ते कळायला नको?" त्यातला एक तांब्या तेवढा सापडला.

"बाकीचं कुठंय?" मी विचारलं.

"असेल काकूंकडे," मृणाल पायात बूट घालता घालता म्हणाली. "त्या डब्यात काहीतरी देतात, मी रिकामा कसा परत करू? मग आपल्यातलं काहीतरी जातं, त्यांच्यातलं येतं. तूच शिकवलंस ना, भांडं रिकामं पाठवायचं नाही."

मीच शिकवलं.

एक छोटी फजिती

मधे जरा हसून घ्या. शनिवारी आम्ही हॉकर सेंटरला जेवायला गेलो. एका मोठ्या छपराखाली पन्नास तऱ्हेचे स्टॉल. चिनी, मलाय, आपला डोसासुद्धा, त्याला ते थोसाय म्हणतात. गर्दी इतकी की बसायला जागा नाही. मला एक रिकामं टेबल दिसलं. त्यावर कागदी रुमालाचं एक पाकीट पडलेलं. कुणीतरी विसरून गेलं बिचारं, म्हणून मी ते उचललं, घाम पुसला आणि बसले. थोड्या वेळाने तीन पोरी ताटं घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. नितीनराव धावत आले, वाकून वाकून सॉरी म्हणाले. तिथे जागा धरायची ती पद्धत. आपण एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो, तसंच अगदी. आणि मी त्यांच्या रुमालाने तोंड पुसलं होतं. ईरा म्हणाली, "बार्शी आजी, कॅनॉट लाइक दॅट लाह." तिकडे वाक्याच्या शेपटाला असं 'लाह' लावतात. पोरींनी मात्र हसून मला एक खुर्ची दिली. मग मला वाटलं, इतकं काही परकं नाही हे गाव. निदान जागा धरायची अक्कल आपल्यासारखीच आहे.

पासिर रिस

साळवीबाईंनी जेवायला बोलावलं. टॅम्पिनीसहून बसने थोडंसं अंतर. समुद्र जवळ, खिडकीतून खारं वारं येतं. ईराने बेल वाजवली नाही. दार ढकललं, चपला फळीवर ठेवल्या, खालच्या कपाटातून स्वतःचा पेला काढला, पाणी प्यायली. माझ्या घरात ती आली तर पाणी कुठे आहे ते विचारेल.

सुलभाताई माझ्याच वयाच्या. सडपातळ, बॉबकट, गळ्यात मंगळसूत्र आणि अंगात गाऊन. नवरा जहाजावर चीफ इंजिनीअर, महिनोन् महिने समुद्रावर. मुलगा कॅनडात. रत्नागिरीच्या बाजूला लहानशा गावात वाढलेल्या, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्या त्याला खूप वर्षं झाली.

"या प्रमिलाताई, तुमचं फार ऐकलंय," त्या म्हणाल्या.

"तुमचंही वाचलंय," मी म्हटलं. "पातेल्यांवर."

त्या मोठ्यांदा हसल्या. मला तेही आवडलं नाही, कारण हसू छान होतं.

मला मासे चालत नाहीत हे मृणालने सांगून ठेवलं असणार. डाळिंब्यांची उसळ होती, आंबोळ्या, सोलकढी, ओल्या नारळाच्या वड्या. मी प्रत्येक घासाला नाव ठेवायला काही सापडतं का ते बघत होते. मीठसुद्धा बरोबर होतं. आणि माझ्या भाकरीचा तुकडा तोंडातून काढून "सो हार्ड लाह" म्हणणारी माझी नात तिथे तिसरी आंबोळी मागत होती.

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. ईराला मांडीवर घेतलं, म्हटलं, "सुट्टीत माझ्याबरोबर बार्शीला यायचं का? शेतात जाऊ, हुरडा खाऊ, दुकानात तुझ्या डब्यावर तुझ्या हाताने नाव घालू."

तिने विचार केला. तिचा विचार करायचा चेहरा मृणालसारखा आहे. मग म्हणाली, "आजी येणार?"

"मी असणारच ना ग."

"तू नाही. आजी."

स्वयंपाकघरात भांडी आवरणाऱ्या सुलभाताई ऐकत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "अगं, मला कशाला मधे घालतेस? जा की आजीबरोबर."

"आजी आली तर जाईन," ईराने सांगितलं आणि मांडीवरून उतरून गेली.

त्या वेळी 'चला हो तुम्हीपण' असं मी म्हणायला हवं होतं. कुणीही म्हटलं असतं. माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं. माझी नात माझ्या गावाला यायची तर या बाईचं बोट धरून? मी म्हटलं, "सोलकढी छान झालीय."

बाराव्या मजल्यावरचं दुकान

मशीनचा प्लग तिथल्या भिंतीत जाईना. त्यांची भोकं चौकोनी. नितीनरावांनी एक जोड आणून दिला आणि माझा धंदा सुरू झाला. मृणालने तिच्या ओळखीच्या बायकांना निरोप दिले. नोकरीवरून परतताना एकेक जण पिशव्या भरून भांडी घेऊन यायची. दाराबाहेर चपलांचा ढीग. मशीनचा टर्र टर्र आवाज ऐकून समोरची म्हातारी चिनी बाई डोकावली आणि खुणेने विचारू लागली, दाताचा डॉक्टर आलाय का. मग तीही तिचा स्टीलचा मग घेऊन आली. मी त्यावर एक फूल काढून दिलं.

प्रत्येकीला विचारायचे, नाव काय घालू? तर त्या आधी नाव सांगायच्या आणि मग जरा थांबून म्हणायच्या, "जळगाव घाला." "पलूस घाला." "आमचं लहान गाव आहे, तुम्हाला माहीत नसेल, पण घाला." मोठमोठ्या हुद्द्यांवरच्या पोरी, गळ्यात कंपनीचं कार्ड लटकतंय, आणि पोळ्यांच्या डब्यावर गावाचं नाव पाहिजे. मृणालला मुली हसतील वाटलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर चुकवली, पण हसली. तेवढी एक संध्याकाळ माझ्या पोटात अजिबात दुखलं नाही.

सगळ्या गेल्यावर मांडणीवर तीन पुडांचा एक डबा दिसला. जुना, जाड पत्र्याचा, कडीला घट्ट. आमच्या दुकानात पूर्वी असेच डबे असायचे, आता तो पत्रा येत नाही. उलटसुलट करून बघितला, नाव कुठेच नाही. मी म्हटलं, हा माझाच. कधीतरी घाईत दिला असणार, नाव घालायचं राहिलं. आणि राहिलं म्हणून अजून इथे आहे, नाहीतर हाही गेला असता पासिर रिसला. मृणाल आंघोळीला गेली होती, विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारायची मला गरजही वाटली नाही. मशीन लावलं. झाकणावर मोठ्या अक्षरात 'सौ. प्रमिला, बार्शी'. मग पहिल्या पुडावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. इतकं खोल मी कधी घालत नाही. आता हा डबा कुठेही जाऊ दे, माझंच नाव सांगेल.

ईस्ट कोस्ट

रविवारी सगळे मिळून समुद्रावर गेलो. ईस्ट कोस्टला लांबलचक बाग आहे, माणसं सायकली चालवतात, चटया पसरून बसतात. समोर पाण्यात जहाजं उभी, एकामागे एक, जणू बाजाराच्या दिवशी वेशीबाहेर गाड्या थांबल्यात. ईरा बापाबरोबर सायकलवर गेली. सुलभाताई जहाजांकडे बोट दाखवून सांगत होत्या, हे तेलाचं, हे डब्यांचं. मृणालने पिशवीतून जेवण काढलं. त्यात मीच सकाळी भरलेला तो तीन पुडांचा डबा होता.

"बरं झालं आणलास," सुलभाताई म्हणाल्या, "मी घरी शोधत होते." आणि झाकणाकडे बघत राहिल्या.

मृणालने बघितलं, मग माझ्याकडे. "आई. हा काकूंचा आहे. ईराचं जेवण आलं होतं यातून."

माझ्या कानात मशीन सुरू झाल्यासारखं झालं.

सुलभाताई सावकाश म्हणाल्या, "यांचा आहे. साळवींचा. पहिल्यांदा जहाजावर निघाले तेव्हा सासूबाईंनी बंदरावर जाता जाता विकत घेतला. नाव घालायला वेळ नव्हता, बोट थांबली नसती. मग तसाच राहिला. सगळ्या जगात फिरून आलाय बिननावाचा."

त्यांनी एकेक पूड उचलून वाचलं. तिन्ही वाचली. मी म्हटलं, "हे निघत नाही हो. घासलं तरी निघत नाही."

"ते दिसतंय. हात चांगला जड आहे तुमचा." मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. "अहो, माझ्या नवऱ्याच्या डब्यावर तुमचं नाव. पुढच्या महिन्यात परत आले की काय सांगू मी त्यांना? कोण ही बार्शीची बाई, कधीपासून चाललंय?"

मृणाल चटईवर आडवी झाली हसून. मलाही हसू आलं, पण डोळ्यांत पाणी पण आलं, आणि मी जहाजांकडे बघत बसले.

जरा वेळाने सुलभाताई म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक आहे का आमची ओळख कशी झाली? ही पोर एमआरटीत, इथल्या लोकलमध्ये, उभी होती. नवीनच आलेली, चेहरा उतरलेला, छातीशी धरलेला गोल डबा. मी वाचलं, मृणाल, बार्शी. किती सुरेख अक्षर होतं. मी म्हटलं, बार्शीची का ग तू? तर भर गाडीत रडायला लागली."

मृणाल उठून बसली होती. "काकू, सांगायचं नव्हतं ते."

"का नाही सांगायचं? आईने गाव घातलं नसतं तर मी विचारलं असतं का तुला? मी आपली माझ्या स्टेशनवर उतरून गेले असते."

माझ्या पोरीला रडताना मी बघितलं नव्हतं, पुण्याला जातानासुद्धा. ते या बाईने बघितलं, आणि माझ्याच अक्षराने तिला दाखवलं. याचा आनंद मानायचा की पुन्हा जळायचं, ते मला त्या चटईवर ठरवता आलं नाही. अजूनही पुरतं ठरलेलं नाही.

निघताना

ईराला मी पुन्हा विचारलं नाही. विमानतळावर ती मला बिलगली, खूप वेळ सोडेना, आणि तरी 'येते' म्हणाली नाही. सुलभाताई पोचवायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली. आत तो तीन पुडांचा डबा, तिन्हीत नारळाच्या वड्या भरलेल्या.

"हा कसा घेऊ मी?" मी म्हटलं. "तुमच्या घरच्यांची आठवण आहे ही."

"नाव तुमचं आहे, तपासणीत अडवलं तर तुमचाच म्हणून सोडतील," त्या म्हणाल्या. "आणि मी देत नाहीये, नीट ऐका. फिरायला पाठवतेय. साळवी आले की डबा मागणार. तोवर ठेवा."

वड्या बार्शीला पोचेपर्यंत संपल्या. निम्म्या मी विमानात खाल्ल्या. लपवून काय करू.

तर बायांनो, एवढंच माझं सिंगापूर. मृणाल बरी आहे. एकटी नाही. हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल, मला त्यासाठी बरेच दिवस लागले.

हे लिहिलेलं मृणाल तिकडे छापून घेणार आहे आणि पासिर रिसला देणार आहे. म्हणून शेवटचं तुम्हाला, सुलभाताई.

तुमचा डबा माझ्यापुढे आहे. काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा झाकणावर माझ्या नावाखाली तुमचं घातलं. सौ. सुलभा, रत्नागिरी. साळवींना आता काय ते सांगा. माझं नाव वर राहिलं आहे आणि जरा मोठंही आहे, तेवढं राहू द्या. डबा रिकामा मी पाठवणार नाही, आणि भरलेला पाठवला तर वाटेत खराब होईल. शेतात ज्वारीची कणसं भरत आलीत. पहिल्या दोन पुडांत शेंगाचटणी आणि गूळ घालून ठेवते. तिसरं मोकळं ठेवलंय, त्यात हुरडा घालायचा, आणि तो गरमच खायला लागतो, शेतात बसून. ईराची शाळा उघडायच्या आत डबा न्यायला या. तिचं बोट तुम्हीच धरा. पाण्याचा पेला कुठे आहे ते मी दोघींनाही दाखवीन.

लवकर या.